योजनेचे फळ कोण मोजणार?

अक्कलकोटच्या अन्नछत्रात आज किती पाने उठली, हे मोजले की त्या दिवसाचा हिशेब पुरा होतो. दात्याने दिले, भक्ताने घेतले. पुढे विचारण्याजोगे काही उरत नाही. सरकारी योजनांचा हिशेबही आपल्याकडे बहुधा याच रीतीने मांडला जातो. इतकी रक्कम मंजूर झाली, इतकी खर्ची पडली, इतके लाभार्थी झाले, म्हणून योजना यशस्वी! परंतु शासनाची सेवा म्हणजे दान नव्हे. राज्यघटनेच्या ४६ व्या कलमाने दुर्बल वर्गांचे शैक्षणिक व आर्थिक हित साधण्याचे कर्तव्य राज्यावर सोपविले आहे. ते पार पडले की नाही, हे घरात काय पालटले यावरूनच ठरले पाहिजे.

ही दृष्टी आपल्याला नवी नाही. १९२७ च्या मार्च महिन्यात मुंबई कायदे कौन्सिलात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना बाबासाहेबांनी हाच प्रश्न आकड्यांनिशी मांडला. लोकसंख्येच्या दर हजारी पुढारलेल्या हिंदूंची ११९ मुले प्राथमिक शाळेत होती, तर मागास वर्गाची अवघी १८. शिक्षणावर रुपये किती खर्च झाले एवढ्यावर ते थांबले नाहीत. ते रुपये कोणाच्या मुलापर्यंत पोहोचले, हे त्यांनी विचारले.

पुढे १९२८ साली मुंबई सरकारने अस्पृश्य व आदिवासी वर्गांच्या स्थितीच्या चौकशीसाठी स्टार्ट समिती नेमली. बाबासाहेब तिचे सभासद होते. १९२९ साली या कामावरून परतताना चाळीसगावी टांगेवाल्यांनी अस्पृश्याचा टांगा हाकण्यास नकार दिला. ज्याला टांगा हाकण्याची सवय नव्हती अशा आपल्याच माणसाने तो हाकला. अपघात झाला आणि बाबासाहेबांच्या पायाचे हाड मोडले. ज्या अन्यायाची चौकशी करावयाची, तोच चौकशी करणाऱ्याच्या वाट्याला आला! कचेरीत बसून मागविलेल्या तक्त्यात हा टांगा कधीच दिसला नसता. १९३० साली समितीचा अहवाल आला आणि मागासवर्गीयांसाठी स्वतंत्र सरकारी खात्याला त्यातूनच वाट मिळाली.

आता आजचा दाखला घेऊ. भूमिहीनांच्या सत्याग्रहाचे नेते दादासाहेब गायकवाड यांच्या नावाने २००४ साली राज्यात सबलीकरण व स्वाभिमान योजना सुरू झाली. अनुसूचित जाती व नवबौद्ध यांतील दारिद्र्यरेषेखालील भूमिहीन कुटुंबाला चार एकर जिरायत अथवा दोन एकर बागायत जमीन द्यावी, हा तिचा हेतू. आरंभी निम्मी रक्कम अनुदान व निम्मी बिनव्याजी कर्ज होती. २०१८ साली शंभर टक्के अनुदान झाले. नियम सुधारला, हे उत्तमच. पण त्यानंतर काय झाले? सरकारी दराने जमीन विकण्यास किती मालक पुढे आले? मिळालेल्या जमिनीला वाट आहे काय, पाणी आहे काय? सातबारावर विधवा भगिनीचे नाव लागले, पण पाच वर्षांनी नांगर कोणाचा चालतो? अक्कलकोटसारख्या अवर्षणप्रवण तालुक्यात पावसाने पाठ फिरविली की चार एकर जिरायत म्हणजे चार एकर धूळ. ‘जमीन वाटप झाले’ या तीन शब्दांत यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर नाही.

खऱ्या मूल्यमापनाला चार गोष्टी लागतात. लाभापूर्वीची स्थिती नोंदलेली हवी. मागचे ठाऊक नसेल तर पुढचे कशाशी ताडावयाचे? लाभ मिळालेल्यांबरोबर अर्ज करून वंचित राहिलेल्यांनाही विचारावे. योजना राबविणाऱ्यानेच तिची परीक्षा घेऊ नये. विद्यार्थी आपली उत्तरपत्रिका आपणच तपासत नाही. आणि चौथी गोष्ट भाषेची. या सीमेवरच्या तालुक्यात पुष्कळ घरांची बोली कन्नड आहे. मराठी प्रश्नावलीसमोर मान डोलवून दिलेला होकार हे उत्तर नव्हे. माउलीला तिच्या भाषेत, पुरुषांच्या गराड्याबाहेर विचाराल, तरच खरे कळेल.

साधने अगदीच नाहीत असे नाही. पुण्याच्या बार्टी या संस्थेकडे संशोधनाबरोबर योजनांच्या मूल्यमापनाचेही काम आहे. २००५ च्या रोजगार हमी कायद्याने कामांचे सामाजिक लेखापरीक्षण ग्रामसभेकडे दिले होते. त्याच वर्षीच्या माहिती अधिकार कायद्याने सरकारी कागद पाहण्याचा हक्क दिला. उणीव आहे ती निष्कर्ष गावात परत येण्याची. अहवाल चावडीवर वाचला गेला पाहिजे, आणि पुढील वर्षाच्या तरतुदीत त्याचे उत्तर दिसले पाहिजे.

कोणी म्हणेल, दोष उघड झाले तर सरकार योजनाच गुंडाळील. ही भीती निराधार नाही. परंतु दोष झाकून राखलेली योजना कागदावर जगते व घरात मरते. म्हणून आपली मागणी दुहेरी असावी: दोष सापडला तर दुरुस्ती व्हावी, आणि दोषाचे निमित्त करून निधीला कात्री लावू नये.

बंधुभगिनींनो, चौकशीला कोणी आले तर भिडेपोटी ‘सगळे ठीक आहे’ म्हणू नका. मिळाले ते मिळाले म्हणा. न मिळाले ते तारखेनिशी सांगा. अर्जाची पोच व मंजुरीचे पत्र जपून ठेवा. शिकलेल्या मुलामुलींनी वस्तीची एक वही करावी: कोणी अर्ज केला, केव्हा केला, काय मिळाले, वर्षाने त्याचे काय झाले. ती वही ग्रामसभेत वाचावी. जो समाज आपली मोजणी दुसऱ्यावर सोपवितो, त्याच्या वाट्याला दुसऱ्याने लिहिलेलाच आकडा येतो.