लाटा मोजणं थांबवा

शस्त्र दिसलं की आपला पहिला प्रश्न ठरलेला: कोणत्या लढाईतलं? दक्षिण फिलिपिन्समधल्या मोरो लोकांच्या कट्यारींना या प्रश्नाने पार छळलंय. विकणारे, लिलाववाले, रील बनवणारे, सगळ्यांचं उत्तर एकच: "एकोणिसावं शतक, युद्धात जप्त केलेली." माझा आक्षेप या उत्तरावर आहे, कारण ते वस्तूकडे न बघताच दिलेलं असतं.

'मोरो' हे नावच मुळी स्पॅनिशांनी दिलेलं, 'मूर'वरून. त्याखाली मारानाओ, मागिंदानाओ, ताउसुग, याकान असे वेगवेगळे समाज येतात. तरीही "मोरो कट्यार" एवढं म्हटलं की ओळख पटली, असं आपण धरून चालतो.

दुसरा गैरसमज लाटांचा. पात्याला जास्त वळणं म्हणजे जास्त जुनं, असं छातीठोकपणे सांगितलं जातं. पण मोरो क्रिसची पाती सरळही असत आणि नागमोडीही. वय शोधायचं तर मुठीच्या अगदी खाली बघा. तिथे पात्याच्या बुडाशी गांग्या नावाचा रुंद भाग असतो. जुन्या क्रिसमध्ये तो वेगळा घडवून बसवलेला असतो, त्यामुळे सांधा दिसतो. विसाव्या शतकात पुढे तो पात्यासोबत अखंड घडवला जाऊ लागला आणि सांध्याच्या जागी नुसती कोरलेली रेघ उरली, कधी तीही नाही. शिवाय मुठी बदलल्या जात. म्हणजे एकाच शस्त्रात पातं आजोबाचं आणि मूठ नातवाची असू शकते. संग्रहालयाच्या नोंदीतली तारीखही बहुतेकदा वस्तू हाती आल्याची असते, घडवल्याची नव्हे.

पण माझं खरं भांडण वेगळंच आहे. "१९०० नंतरची म्हणजे टूरिस्ट माल" ही फूटपट्टी कोणाची? अमेरिकन सैनिकांनी मोरो शस्त्रं आठवण म्हणून घरी नेली. त्यांनी नेलं ते अस्सल, त्यांच्यामागे घडलं ते नकली, असाच याचा अर्थ होतो.

सप्टेंबर १९११ मध्ये मोरो प्रांताचा गव्हर्नर जॉन पर्शिंग याने निःशस्त्रीकरणाचा हुकूम काढला. बंदुका गेल्याच, पण क्रिस, कॅम्पिलन, खंजीर परवानगीशिवाय अंगावर बाळगणंही गुन्हा ठरलं. १९१३ मध्ये बुड बागसाकला लढाई झाली. लांब शस्त्र घेऊन उघड फिरणं अवघड झालं, तशी गुनोंग ही छोटी, कमरेच्या कापडात लपणारी कट्यार महत्त्वाची झाली. अशी १९२० च्या आसपासची गुनोंग हातात घेऊन "उशिराची आहे, किंमत कमी" म्हणणारा माणूस तिचा इतिहासच फेकून देतो. तिचं उशिराचं असणं हीच तर तिची गोष्ट आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर पर्यटकांसाठी ढिगाने कट्यारी बनल्या, हे खरं. त्यांना तसं म्हणा. त्या बनवणाऱ्या कारागिरालाही पोट होतं. खोटी असते ती त्यांना चिकटवलेली लढाईची चिठ्ठी.

म्हणून पुढच्या वेळी असा फोटो शेअर करताना कॅप्शनमध्ये शौर्य लिहू नका. गांग्या वेगळा आहे की अखंड, मूठ पात्याच्या काळातली वाटते का, कोणत्या समाजाची घडण आहे, एवढं लिहा. आणि कृपा करून पातं घासून चकचकीत करू नका. जे वाचायचं असतं ते त्या काळपटपणातच असतं.