मलबा उचलायच्या आधी जोतं मोजा



२०२५ च्या मे महिन्यात, बारामती-इंदापूरला पावसानं झोडपलं. २५ मेला पिंपळीजवळ नीरा डावा कालवा फुटला. आपल्या डोंगरातली आम्ही पाच पोरं तेव्हा जळोचीत खोली घेऊन कंपनीत कामाला होतो. दोन दिवस खाडे झाले, पण फावडी-घमेली घेऊन लोकांच्या घरातला चिखल काढायला गेलो. कोणी बोलावलं नव्हतं. आपल्याकडं कुणाचं घर पडलं तर घरटी एक माणूस जातोच, तसं गेलो.

तिथं जे बघितलं ते सांगण्यासाठी हे लिहितोय.

पुढच्या आळीत पक्की घरं. घरपट्टीची पावती दाखवली की पंचनामा झाला. मागं उताराला आपल्या पारधी भावांची पालं आणि पत्र्याची खोपटी. भांडी, धान्य, पोरांची दप्तरं, सगळं गेलं. पंचनाम्याला आलेल्यांनी लांबूनच विचारलं, "बांधकाम अधिकृत आहे का?" आणि कागद मिटला. मदतीला आलेले आम्ही सगळेही पुढच्याच आळीत राबत होतो, कारण यादी पुढच्या आळीची होती. मला स्वतःची लाज वाटली. तिसऱ्या दिवशी मागं गेलो.

आता कुणी म्हणेल, एका माणसानं वाकडं वागलं म्हणून एवढं कशाला? बाबांनो, माणूस वाकडा नव्हता, नियमच तसा होता. आपत्ती मदतीचे २०२२ ते २०२६ चे सरकारी दर बघा. घर पूर्ण पडलं तर सपाटीला १,२०,००० रुपये, डोंगरी भागात १,३०,०००. झोपडी असेल तर ८,०००. आणि घराच्या मदतीला अट अशी होती, की पडलेलं घर अधिकृत बांधकाम असल्याचा दाखला पाहिजे. म्हणजे पाऊस सगळ्यांवर सारखा पडतो, पण सरकारच्या लेखी ज्याच्याजवळ कागद आहे त्याचंच घर पडतं. बाकीच्यांचं अतिक्रमण आपोआप निघालं, असा हिशोब.

ही आजची गोष्ट नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारीला भूकंप झाला. ५२ गावं उठवून नवी वसवली. साऱ्या देशातून माणसं, पैसा, संस्था आल्या. त्यांचं मोल कमी करायचं नाही. पण घर केवढं मिळालं? भूमिहीनाला २५० चौरस फूट, मधल्या शेतकऱ्याला ४००, आणि सात हेक्टरच्या वर जमीन असलेल्याला ७५०. भूकंपानं सगळ्यांना एका पातळीवर आणलं होतं, सरकारनं सातबारा बघून पुन्हा पायऱ्या बांधल्या. ज्याच्या घरात माणसं जास्त त्याला मोठं घर, असं का नाही मोजलं?

त्याच भूकंपातली दुसरी गोष्टही सांगितली पाहिजे. जी गावं हलवली नाहीत, तिथं लोकांनी सरकारी अनुदानातून आपली घरं आपणच दुरुस्त केली. गावोगावी बाया 'संवाद सहायक' झाल्या. हप्ता कुठं अडला, भिंतीला काय लावायचं, हे त्यांनी घरोघर जाऊन समजावलं. त्यांचं काम टिकलं, कारण त्या गावातल्या होत्या आणि उद्याही तिथंच राहणार होत्या.

आता आपल्याच जिल्ह्यातलं माळीण. ३० जुलै २०१४ ला सकाळी डोंगर खाली आला, १५१ जीव गेले. मढी निघत होती तेवढ्यात बोटं पडकईकडं वळली. म्हणे आदिवासींनी खाचरं केली म्हणून कडा सुटला! पडकई म्हणजे काय? दहा घरं मिळून एकाच्या बांधावर राबायची, मग दुसऱ्याच्या. पिढ्यान् पिढ्या हातानं चाललेलं काम. त्यात यंत्र कुणी आणलं, उतारावर ते कसं चाललं, हे जरूर विचारा. पण दोष कष्टकऱ्याच्या परंपरेवर ढकलून मोकळं होऊ नका. पुढं आमडेला नवं गाव बांधलं, एप्रिल २०१७ मध्ये लोकांच्या ताब्यात दिलं. त्याच जूनच्या पहिल्या पावसात रस्ते खचले, भेगा पडल्या, आणि एकदा गाडली गेलेली माणसं पुन्हा रात्र जागून काढू लागली. पाणी कुठून उतरतं हे ज्या म्हाताऱ्याला ठाऊक, त्याचं ऐकून भराव टाकला असता तर?

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूरला इर्शाळवाडी गेली. ठाकरांची वाडी. २७ मृतदेह मिळाले, ५७ जणांचा पत्ता लागला नाही. त्याआधी सप्टेंबर २०२० मध्ये राज्यपालांनी अधिसूचना काढली होती, की अनुसूचित क्षेत्रातल्या आदिवासींना गावाजवळच्या वनजमिनीवर घरासाठी जागा मिळावी. चांगली गोष्ट. पण रायगड जिल्हा अनुसूचित क्षेत्रातच नाही! म्हणजे आदिवासी तोच, डोंगर तोच, पण रेषेच्या अलीकडं हक्क आणि पलीकडं नाही.

आपल्यातले काही म्हणतात, "आपण कशाला कुणाच्या मदतीला जायचं? आपल्याला कोण येतं?" हे बोलणं मला पटत नाही. सावड, इर्जिक, पडकई हे आपलं धन आहे. स्वयंसेवक हा शब्द नवा, काम जुनं. जायचंच. शहरातून पोरं आली तर त्यांनाही भाकरी घालायची, घरात घ्यायचं. पण डोळे मिटून नाही.

का, ते नीट ऐका. वनहक्क कायद्यात दाव्याला किमान दोन पुरावे लागतात. नियम १३ मध्ये पुराव्यांची यादी आहे. त्यात घर, झोपडी, बांध, सपाट केलेली जमीन हाही पुरावा आहे. गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही आहे. ताबा १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा पाहिजे. मग बघा काय होतं. वादळात घर पडलं. चांगल्या मनाची पोरं आली, दोन दिवसांत माती, जुनी लाकडं, जोत्याचे दगड सगळं लोटून जागा चकाचक केली. शेजारी नवीन पत्र्याचं घर उभं केलं, फोटो काढला, गेली. वर्षानं वनखात्याचा माणूस येतो आणि म्हणतो, हे तर नवं बांधकाम, २००५ नंतरचं! आजोबानं बसवलेलं जोतं कुठंय? ते तर नाल्यात. घर मिळालं, हक्क गेला.

म्हणून यंदापासून आपल्या गावात कुणीही मदतीला येवो, आधी एवढं करायचं:

१. मलबा हलवायच्या आधी जोतं मोजायचं. फोटो काढायचे, शेजारच्या झाडाची, विहिरीची खूण लिहायची.

२. वनहक्क समितीनं जागेवर पंचनामा करायचा, ग्रामसभेच्या वहीत नोंद आणि सह्या घ्यायच्या. दोन म्हाताऱ्या माणसांचा जबाब तिथंच लिहायचा.

३. पडलेल्या घरांची यादी ग्रामसभा करेल. त्यात कागदवाला, बिनकागदाचा असा भेद नाही. विधवा, एकटी बाई, म्हातारं माणूस यांचं घर पहिलं.

४. नवं घर होईल तितकं जुन्या जोत्यावरच. जागा धोक्याची असेल तर नवी जागा ग्रामसभा ठरवेल, आणि जुन्या जागेवरचा दावा सोडला नाही असा ठराव आधी होईल.

५. कोऱ्या कागदावर सही-अंगठा नाही. घरावर बाईचं नाव लागलंच पाहिजे.

आणि दावा तपासून निकाल लागेपर्यंत कुणालाही हुसकता येत नाही, हे कलम ४(५) पोराबाळांना पाठ करून घ्या.

जळोचीतल्या त्या पालांना हा कायदा लागत नाही, कारण ती वनजमीन नव्हे. त्यांचा झगडा वेगळ्या कागदाचा आहे. पण प्रश्न तोच: घरमालक कोण? आम्ही म्हणतो, ज्यानं जोतं घातलं, चूल पेटवली, पोरं वाढवली, तो आणि ती घरमालक. मदतीला येणाऱ्या साथींनो, हे मान्य असेल तर या, फावडं आम्ही देतो. मान्य नसेल तरी या. काम करता करता बोलू.

पुढच्या ग्रामसभेत हे वाचून दाखवा. वहीत ठराव घ्या. पावसाची वाट बघू नका.

जिंदाबाद!