शब्दाला ४० पैसे? आधी हिशेब करा, मग मेडिकल रायटिंगमध्ये उतरा



परवाच्या व्हिडिओनंतर सगळ्यात जास्त आलेला प्रश्न असा होता : "सर, परदेशातल्या कंपन्या मेडिकल लेखनाचं काम भारतात देतात म्हणे. आम्ही बी.फार्म, बीएचएमएस, मायक्रोबायोलॉजीवाले. कराडात नाहीतर मिरजेत बसून हे काम करता येईल का?"

येईल. आरामात येईल. पण मी त्यावर लगेच "करा सुरू" म्हणणार नाही. का, ते आज सविस्तर लिहितो. व्हिडिओत वेळ कमी पडला होता.

सांगलीच्या एका वर्कशॉपला कराडकडची एक मुलगी आली होती. बी.फार्म झालेली, हुशार, इंग्रजी चांगलं. एका मधल्या एजन्सीकडून तिला काम मिळत होतं. दर शब्दाला ४० पैसे. त्या आठवड्यात तिच्याकडे आलेला विषय होता हळदीच्या कॅप्सूल. परदेशातल्या एका दुकानाच्या वेबसाइटसाठी १५०० शब्द हवे होते. सूचना एका ओळीची : हळद नैसर्गिक आहे, सगळ्यांसाठी सुरक्षित आहे, असं पटवून द्या.

पोरगी सांगलीच्या हळदीच्या मुलखातली. तिला वाटलं, हे तर आपल्या घरचंच. पण तिनं सवयीनं संदर्भ शोधले आणि अडकली. २०१९ साली इटलीत हळदीची सप्लिमेंट्स घेतल्यानंतर यकृताला सूज आल्याचे रुग्ण नोंदले गेले होते. तिथल्या सरकारनं लोकांना सावध केलं होतं. तिनं लेखात दोन ओळी घातल्या : यकृताचा किंवा पित्ताचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. एजन्सीनं त्या दोन ओळी काढायला सांगितल्या.

ती मला विचारत होती, "सर, काढू का? ६०० रुपयांचा तर प्रश्न आहे."

मी म्हणालो, "६०० रुपयांचा नाही गं. चल, कागद घे."

हा हिशेब तुम्हीही करा

१५०० शब्द गुणिले ४० पैसे म्हणजे ६०० रुपये. आता वेळ बघा. संदर्भ शोधून नीट वाचायला ३ तास, लिहायला २ तास, आकडे परत तपासायला १ तास. एकूण ६ तास. म्हणजे तासाला १०० रुपये.

समजा तिनं काहीच वाचलं नाही. इकडचं तिकडचं उचलून, वाक्यं फिरवून २ तासांत लेख दिला. पैसे तेच, ६००. म्हणजे तासाला ३०० रुपये.

बघा गंमत. न वाचता लिहिणाऱ्याला तिप्पट कमाई आणि वाचून लिहिणाऱ्याला मजुरी. हा दरच लेखकाला सांगतो, "वाचू नकोस, तपासू नकोस." म्हणून माझं मत स्पष्ट आहे. मेडिकल लेखनात फार कमी दर हा फक्त तुमच्या खिशाचा प्रश्न नाही. तो दर चुकीची माहिती तयार करतो, आणि ती माहिती वाचून कुणीतरी कॅप्सूल गिळतो. चपलेच्या जाहिरातीत चूक झाली तर चप्पल परत येते. औषधाच्या मजकुरात मिलिग्रॅमचा टिंब सरकला तर काय होतं, ते फार्मसीवाल्यांना मी सांगायला नको.

साखळीतला शेवटचा माणूस

आता तुम्ही म्हणाल, दर आपल्या हातात कुठं असतोय? बरोबर. साखळीच्या शेवटी उभं राहिलं की नसतोच.

२००३ सालची गोष्ट सांगतो. ती लेखनाची नाही, मेडिकल ट्रान्सक्रिप्शनची आहे, म्हणजे डॉक्टरांचं बोलणं ऐकून टाइप करायचं काम. पण साखळी तीच. सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठाच्या हॉस्पिटलनं हे काम जवळच्या एका फर्मला दिलं. त्या फर्मनं फ्लोरिडातल्या एका बाईंना दिलं. त्यांनी टेक्सासमधल्या माणसाला दिलं. त्यानं कराचीतल्या एका महिलेला दिलं. प्रत्येकानं मध्ये आपलं कमिशन कापलं. शेवटच्या महिलेचे पैसे थकले, तेव्हा तिनं थेट हॉस्पिटललाच ईमेल केला : माझे पैसे द्या, नाहीतर रुग्णांचे रेकॉर्ड इंटरनेटवर टाकते. पुरावा म्हणून खरे रेकॉर्ड जोडले होते. आपलं काम कराचीपर्यंत गेलंय याचा हॉस्पिटलला पत्ताच नव्हता. पुढं थोडे पैसे मिळाल्यावर तिनं धमकी मागं घेतली.

तिचं चुकलंच. रुग्णाची माहिती ही वसुलीची वस्तू नव्हे. पण आपण धंदेवाल्यांनी यातून काय शिकायचं? मध्ये चार अडत्ये असले की मूळ ग्राहकाला तुमचं नाव माहीत नसतं आणि तुम्हाला त्याचं. चूक झाली की जबाबदार कोण, कुणालाच सांगता येत नाही. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा सौदा निघतो, तेव्हा खरेदीदार समोर उभा राहून हळकुंड मोडून बघतो. तुमचा माल मोडून बघणारा ग्राहक शोधा. तोच जास्त दर देईल.

विकायचं काय?

शब्द विकू नका. शब्द आता एआयसुद्धा फुकटात पाडतंय. शिवाय ते कधी कधी अस्तित्वातच नसलेले संदर्भ छातीठोकपणे लिहून देतं. तुम्ही विकायचा तो तपास. "या लेखातलं प्रत्येक वाक्य कुठून आलं ते मी दाखवू शकते", हे तुमचं प्रॉडक्ट.

तपासाची ताकद बघायची तर पुन्हा हळदीकडेच या. १९९५ साली अमेरिकेत जखम भरण्यासाठी हळद वापरण्यावर पेटंट दिलं गेलं. आपल्या आजीला हे माहीत होतं, पण आजीचं तोंडी सांगणं पेटंट ऑफिसात चालत नाही. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआरचे प्रमुख होते. संस्थेनं जुने छापील संदर्भ गोळा करून सादर केले. त्यात १९५३ सालचा, इंडियन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमधला एक लेखही होता. १९९७ साली पेटंट रद्द झालं. जिंकून दिलं कुणी? शोधून काढलेल्या कागदानं.

आपल्याकडे काय आहे?

डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली मिरजेत हॉस्पिटल सुरू केलं, तेव्हापासून हे गाव वैद्यकीय कामासाठी ओळखलं जातं. मिरजेत १९६२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. कराडात कृष्णा आहे. दोन्ही जिल्ह्यांत फार्मसी कॉलेजं आहेत. म्हणजे विषय कळणारी माणसं आहेत आणि शंका विचारायला डॉक्टर जवळ आहेत.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे आहे, ती लोक विसरतात : मराठी. औषधाच्या चाचणीत भाग घेणाऱ्या माणसाला संमतिपत्र त्याला कळेल अशा भाषेत द्यावं लागतं. भारताचे २०१९ चे नियमही तेच सांगतात. परदेशी कंपनीची चाचणी महाराष्ट्रात चालली तर तिला चांगलं मराठी लागणारच. जतच्या शेतकऱ्याला "यादृच्छिक पद्धतीने" म्हणजे काय ते कळणार नाही. "चिठ्ठी टाकल्यासारखं, कुणाला कोणतं औषध ते आधी ठरलेलं नसतं" हे कळेल. हे वाक्य लंडनमध्ये बसून कुणी लिहू शकत नाही. तिकडं युरोपातही चाचणीचा निकाल सामान्य माणसाला समजेल असा लिहून देणं आता कायद्यानं बंधनकारक आहे. सोपं लिहिता येणाऱ्याला काम आहे.

उतरण्याआधी ही पाच कामं करा

१. दर कामावर ठरवा, शब्दावर नको. महिन्याला २५,००० रुपये हवेत आणि दिवसाला ५ तास खरं काम होतंय, असं धरा. २५ दिवसांचे १२५ तास, म्हणजे तासाला २०० रुपये. लाइट, इंटरनेट, लॅपटॉप, रिकामे दिवस धरून ३००. मग वरच्या ६ तासांच्या लेखाचे १८०० रुपये होतात. हा बाजारभाव नाही, तुमचा तळ आहे. त्याखाली जायचं नाही.

२. करार लेखी करा. अर्धे पैसे आगाऊ. रुग्णाचं नाव, नंबर, तारखा असलेली फाइल घ्यायचीच नाही. आणि आलेलं काम परस्पर दुसऱ्याला द्यायचं नाही.

३. दुसऱ्याच्या नावानं प्रबंध किंवा शोधनिबंध लिहायचा नाही. भाषा सुधारणं, मांडणीला मदत करणं चालतं, पण ती मदत निबंधात जाहीर झाली पाहिजे. वैद्यकीय जर्नल संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचा नियम तोच आहे. २००९ साली अमेरिकेतल्या कोर्टाच्या कागदपत्रांतून उघड झालं की वायेथ कंपनीच्या हार्मोन औषधांची बाजू घेणारे अनेक लेख भाड्याच्या लेखकांनी लिहिले होते आणि वर नावं डॉक्टरांची होती. तो डाग अजून पुसला गेलेला नाही.

४. "अमुक घ्या, कॅन्सर बरा होईल, शुगर जाईल" असलं काम आलं की हात जोडा. अशा जाहिरातींवर आपल्याकडे १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे.

५. हिशेब पहिल्या बिलापासून स्वच्छ ठेवा. सेवा देणाऱ्याला साधारणपणे वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही. नोंदणी असेल तर एलयूटी भरून परदेशी ग्राहकाला जीएसटी न लावता बिल देता येतं. परदेशातून आलेल्या प्रत्येक रकमेचा बँकेचा कागद जपा आणि एकदा सीएकडे जाऊन बसा.

आता त्या मुलीचं काय झालं ते सांगतो, कारण तुम्ही विचारणारच. तिनं त्या दोन ओळी काढल्या नाहीत. एजन्सीनं काम बंद केलं. तीन महिने तिच्या हातात जवळजवळ काही नव्हतं. घरचे म्हणाले, मेडिकल दुकानात नोकरी बघ. त्या दिवसांत तिनं तोच हळदीचा लेख, प्रत्येक वाक्याचा संदर्भ लावून, नमुना म्हणून पाठवायला सुरुवात केली. आज तिच्याकडे दोनच ग्राहक आहेत. पण दोघांनाही तिचं नाव माहीत आहे, आणि तिनं ओळ घातली तर ती का घातली, हे विचारायला ते फोन करतात.

लगेच श्रीमंत झाली का? नाही. पण ६०० रुपयांसाठी दोन ओळी काढल्या असत्या, तर तिच्याकडे विकण्यासारखं काही उरलंच नसतं.

या आठवड्याचा गृहपाठ : तुमच्या विषयावरचा एक ५०० शब्दांचा नमुना लिहा. प्रत्येक दाव्यासमोर तो कुठून घेतला ते लिहा. किती तास लागले ते खाली मांडा. मग तुमचा तळाचा दर काढा. पुढच्या व्हिडिओत परदेशी ग्राहकाला पहिला ईमेल कसा लिहायचा ते बघू.

भेटू या. हिशेब पक्का ठेवा.