घर आमचे, घराणे त्यांचे

निवडणुकीचे वारे सुटले की ‘घराणेशाही’ हा शब्द चावडीपासून वर्तमानपत्रापर्यंत फिरू लागतो. राखीव जागेवर कोणाची सून किंवा बायको उभी राहिली, तर हमखास! महिला आरक्षण म्हणजे घराणेशाहीला मोकळे रान, असे सांगणारे गावोगाव भेटतात. मैत्रिणींनो, त्यांना उत्तर देण्याआधी हा शब्दच तपासून पाहू.

संस्कृत ‘गृह’, त्याचे प्राकृतात ‘घर’ आणि घरावरून घराणे. ‘शाही’ फारसीतली, शहा म्हणजे राजा. घर म्हटले की ते बाईचे. चूल, पाणी, दुखणीखुपणी सारे तिच्या माथी. पण त्याच घराचे घराणे झाले की ती हिशेबातून बाद. मुलगी ‘दिलेली’, सून ‘केलेली’. ‘वंश’ घ्या. संस्कृतात वंश म्हणजे बांबूसुद्धा. पेरावर पेर चढते, तशी बापावर मुलाची पिढी. तो वाढतो बाईच्या कुशीत, पण वंशावळीत तिचे नाव शोधून सापडत नाही.

ही केवळ शब्दांची गंमत नाही. आपला वर्धा जिल्हा १८६२ मध्ये वेगळा झाला. त्याआधी हा मुलूख नागपूरकर भोसल्यांचा. तिसरे रघुजी डिसेंबर १८५३ मध्ये वारले. मुलगा नव्हता, दत्तकही घेतलेला नव्हता. १८५४ मध्ये डलहौसीने राज्य खालसा केले. वाड्यात रघुजींच्या राण्या होत्या. रघुजी अज्ञान असताना ज्यांनी पालकपण केले, त्या बाकाबाईही हयात होत्या. तरी घराणे निर्वारस! भांडण झाले ते दत्तक मुलाचे. राजेशाही गेली याचे आम्हाला दुःख नाही. पण वारस म्हणजे मुलगा, हे गणित राजेशाहीबरोबर गेले नाही.

आजचे पाहा. वर्धा लोकसभेला २०१४ मध्ये दत्ता मेघे यांचे पुत्र सागर मेघे उभे होते, २०१९ मध्ये प्रभा राव यांच्या कन्या चारुलता टोकस. दोघेही पडले. २०२४ मध्ये अमर काळे खासदार झाले; त्यांचे वडील शरद काळे आर्वीचे आमदार होते. त्याच वर्षी आर्वीत अमर काळे यांच्या पत्नी मयूरा काळे उभ्या राहिल्या व हरल्या. पक्ष कोणताही असो, उमेदवारी घरातच फिरते. मग मुलगा आला की ‘वारसा’ आणि बाई आली की ‘घराणेशाही’, हा दुटप्पीपणा कशासाठी?

आम्ही घराणेशाहीची वकिली करत नाही. बाईच्या नावाने खुर्ची आणि सरपंचपतीच्या हाती शिक्का, हे आम्हालाही मान्य नाही. पण १९९३ च्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने तिसरा हिस्सा मिळाला, २०११ मध्ये महाराष्ट्रात तो निम्मा झाला, म्हणून घराणी जन्माला आली नाहीत. बाजार समिती, सहकारी बँक, शिक्षणसंस्था, जिनिंग आणि जमीन यांवर ती आधीच पोसली होती. तिथे बापाची खुर्ची मुलाकडे जाताना कोणाला लोकशाही आठवली नाही. आणि जिच्यामागे घराणेच नाही, ती भूमिहीन, दलित, आदिवासी बाई सरपंच झाली, तर तिच्यावर अविश्वास आणायला हेच लोक पुढे!

घराणेशाही मोठ्या वाड्यातच असते असेही नाही. महाराष्ट्रात १९९४ च्या आणि देशभर २००५ च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच वाटा दिला. तरीही बहिणीला साडीचोळी करून हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते. माहेर तुटेल या धाकाने ती करते. सातबाऱ्यावरून बहिणीचे नाव काढून आलेला भाऊ संध्याकाळी पारावर बसून घराणेशाहीवर भाषण करतो!

म्हणून आमचे म्हणणे सरळ आहे. घराणेशाही मोडायची असेल तर ती मुळापासून मोडा. मुळे सातबाऱ्यात आहेत. पुढच्या वेळी कोणी हा शब्द तुमच्या तोंडावर फेकला, तर एवढेच विचारा: भाऊ, तुमच्या सातबाऱ्यावर तुमच्या बहिणीचे नाव आहे का? आणि आपल्यापुढे हक्कसोडपत्र आले, तर सही करू नका.