मनोराज्याची पदरमोड

मागच्या वर्षी आमच्या बँकेतल्या निवृत्तांचा स्नेहमेळावा झाला. बटाटेवडा, जिलबी झाल्यावर गप्पांना रंग चढला. कुणाचे गुडघे, कुणाची नातवंडे, कुणाची अमेरिका. तेवढ्यात एक जुने सहकारी खुर्ची ओढून जवळ बसले. वार्षिक ताळेबंदाच्या दिवसांत रात्री दहा-दहापर्यंत आम्ही शेजारी बसून बेरजा जुळवलेल्या. म्हणाले, ‘‘मॅडम, तुम्ही नवं पुस्तक काढलंत असं ऐकलं. कर्जवसुलीवर का?’’

मी म्हटले, ‘‘नाही हो. एका जलदुर्गातली राणी आणि तिच्या शोधात आलेला तांडेल यांची प्रेमकथा आहे. थोडी जादू, बराचसा समुद्र.’’

ते क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, ‘‘या वयात?’’ आणि लगेच, बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाला शोभेल असा दुसरा प्रश्न आला, ‘‘आणि पैसे कोणी घातले?’’

तिथे मी हसून वेळ मारून नेली. पण दोन्ही प्रश्न खरे आहेत आणि दोन्ही प्रश्नांत एकेक आरोप लपलेला आहे. पहिला असा, की प्रेम आणि अद्भुत या तरुणांच्या गोष्टी. केस पांढरे झाल्यावर माणसाने आत्मचरित्र लिहावे, प्रवासवर्णन लिहावे, फार तर ज्ञानेश्वरीवर निरूपण करावे. दुसरा असा, की स्वतःच्या पैशाने काढलेले पुस्तक म्हणजे हौस. त्याला साहित्य म्हणू नये. साठीनंतर लिहू लागलेले अनेकजण हे दोन आरोप मुकाट्याने पोटात घालतात. म्हणून आज जरा हिशेब मांडावासा वाटतो.

आधी वयाचे बोलू. अद्भुत कथा हा लहानांचा किंवा तरुणांचा प्रांत आहे हे कुणी ठरवले? आपल्या घरांतून तर या कथा सांगण्याचा मक्ता कायम म्हाताऱ्यांकडेच होता. श्रावणातल्या कहाण्या तरुण सुना ऐकत, सांगत असे ती घरातली थोरली बाई. नागकन्या, उतलेले मातलेले राजे, आवडती राणी आणि नावडती राणी, जमिनीतून वर येणारी देवळे. हा सगळा ऐवज दात पडलेल्या तोंडातून आमच्यापर्यंत आला. त्या म्हातारीला कुणी ‘या वयात?’ असे विचारले नाही. तिने हेच कागदावर उतरवले असते तर मात्र विचारले असते.

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’चा पहिला भाग १९३४ साली प्रसिद्ध झाला तेव्हा त्यांनी साठी ओलांडलेली होती. ते आत्मचरित्र म्हणून चालते, असे कुणी म्हणेल. मग इंग्लंडातल्या केनेथ ग्रॅहमकडे पाहावे. त्याला ऑक्सफर्डला शिकायचे होते. घरच्यांनी १८७९ साली त्याला बँक ऑफ इंग्लंडमध्ये चिकटवून दिले. चिकाटीने तो १८९८ मध्ये त्या बँकेचा सेक्रेटरी झाला. दिवसा तो बँक सांभाळत होता आणि रात्री मुलाला एक बेडूक, एक घूस आणि एक चिचुंद्री यांच्या गोष्टी सांगत होता. १९०८ साली त्याने बँक सोडली आणि त्याच वर्षी ‘द विंड इन द विलोज’ बाहेर आले. तेव्हा तो पन्नाशीच्या उंबरठ्यावर होता. आम्हा बँकवाल्यांना कल्पनाशक्ती नसते म्हणणाऱ्यांना मी नेहमी हे नाव सांगते.

माझी राणी कुठून आली तेही सांगते. निवृत्तिवेतन घेणाऱ्या माणसाला दर नोव्हेंबरात आपण जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागतो. २०१४ साली ‘जीवन प्रमाण’ ही संगणकीय सोय आली. त्याआधी बहुतेकजण शाखेतच येत. एका वर्षी एक निवृत्त शिक्षिका आपल्या यजमानांबरोबर आल्या. बाईंना विस्मरणाचा आजार होता. काउंटरवरच्या मुलीने नाव विचारले की त्या गोंधळून यजमानांकडे बघत. ते वाकून त्यांच्या कानात त्यांचेच नाव सांगत आणि मग बाई ते खणखणीत आवाजात, शाळेत हजेरी द्यावी तसे म्हणत. चार नोव्हेंबर मी हे पाहिले. पाचव्या नोव्हेंबरात दोघेही आले नाहीत.

माझ्या कादंबरीतल्या राणीला शाप आहे, की दर वर्षी एका रात्री कुणीतरी तिला तिचे नाव सांगितले पाहिजे; नाहीतर किल्ला समुद्राखाली जाईल. एवढेच बीज. हे मी वास्तववादी कथेत लिहून पाहिले होते. दोनदा लिहिले, दोनदा फाडले. त्यात तो आजार दिसे, औषधे दिसत, पण त्या वाकण्यातले जे काही मला दिसले होते ते उतरत नव्हते. किल्ला आणि समुद्र आला तेव्हा ते उतरले. अद्भुत म्हणजे पळवाट नव्हे. कधी कधी तोच जवळचा रस्ता असतो. आणि पंचविशीत हे मला लिहिता आले नसते. तेव्हा प्रेम म्हणजे भेटणे असे वाटायचे. खात्याच्या अर्जावरचे ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो’ हे शब्द किती जड आहेत ते कळायला तीस वर्षांची नोकरी लागली.

तरी पण हस्तलिखित परत आले. माझ्या आधीच्या दोन कादंबऱ्या रीतसर निघाल्या होत्या. शाखा, बदल्या, घराचे हप्ते असे त्यांचे विषय. या खेपेस एका प्रकाशकाने ‘असे विषय आता मुलांसाठी चालतात’ असे कळवले. दुसऱ्याने वर्षभर काहीच कळवले नाही. तिसऱ्याने ‘वास्तववादी काही असेल तर जरूर पाठवा’ असे लिहिले. त्यांचा राग नाही. त्यांनाही कागदाचे पैसे द्यायचे असतात. पण या नापसंतीमागे आपल्या वाङ्मयाची एक जुनी सवय आहे.

मराठी कादंबरी बाल्यात होती तेव्हा ती अद्भुतरम्यच होती. १८५७ साली बाबा पदमनजींनी ‘यमुनापर्यटना’त विधवांचे दुःख मांडले खरे, पण वाचकांना ओढ लावली ती लक्ष्मणशास्त्री हळब्यांच्या ‘मुक्तामाले’ने, १८६१ मध्ये. पुढे रिसबुडांची ‘मंजुघोषा’ आली. मग हरिभाऊ आपटे आले आणि त्यांनी कादंबरीला आपल्या घरातल्या माजघरात आणून बसवले. ते थोरच काम झाले. पण तेव्हापासून माजघर तेवढे खरे आणि राजवाडा खोटा, असा आपला समज होऊन बसला. तरीही शिकारीत सिंहगडावरून पडून कमरेखाली अधू झालेल्या नाथमाधवांनी १९१३ साली ‘वीरधवल’ लिहिली, आणि पिढ्यान्‌पिढ्या ती वाचनालयांतून फाटेपर्यंत वाचली गेली. समीक्षेने अशा पुस्तकांना पान दोन पाने दिली; वाचकांनी त्यांना झोपेचे तास दिले.

खरे तर ‘साभार परत’ची या मुलखातली सर्वांत जुनी गोष्ट पैठणची आहे. गुणाढ्याने पैशाची भाषेत सात लाख श्लोकांची बृहत्कथा रचली. सातवाहन राजाने ती नाकारली. भाषा हलकी म्हणून. गुणाढ्य रानात गेला, अग्नी पेटवला आणि एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवून आगीत टाकू लागला. जनावरे चरायचे विसरून ऐकत बसली. राजाच्या ताटात वाळके मांस येऊ लागले तेव्हा त्याला पत्ता लागला, तो धावत गेला, पण तोवर सहा लाख श्लोक जळले होते. उरला तो नरवाहनदत्ताच्या प्रेमांचा आणि विद्याधरांच्या राज्याचा भाग. त्यावरूनच पुढे अकराव्या शतकात सोमदेवाने काश्मीरच्या राणी सूर्यवतीसाठी ‘कथासरित्सागर’ रचले. आख्यायिकाच आहे, पण जे वाचले ते नेमके अद्भुत आणि प्रेम वाचले, हे मला नेहमी अर्थपूर्ण वाटत आले आहे.

आज तर इंग्रजीत या दोहोंच्या मिश्रणाला ‘रोमँटसी’ असे नाव पडले आहे. रिबेका यारोसची ‘फोर्थ विंग’ २०२३ मध्ये आली आणि दुकानांतून तिच्यासाठी रांगा लागल्या. कॅरिसा ब्रॉडबेंटने २०२२ मध्ये आपली व्हँपायरांची प्रेमकथा स्वतःच प्रसिद्ध केली, मग मोठे प्रकाशक तिच्या दारी आले. आपल्याकडे अमीश त्रिपाठी वित्तक्षेत्रातच नोकरीला होते; प्रकाशकांनी नाकारलेले ‘द इमॉर्टल्स ऑफ मेलुहा’ २०१० मध्ये पदरचे पैसे घालूनच बाजारात आले.

इथे दुसऱ्या प्रश्नाशी येते. पदरमोड करून पुस्तक काढणे ही लाज आहे का? बिअॅट्रिक्स पॉटरने ‘पीटर रॅबिट’च्या २५० प्रती १९०१ च्या डिसेंबरात स्वतः छापून घेतल्या होत्या. मुंबईत १९७६ साली चार कवींनी ‘क्लिअरिंग हाउस’ नावाने आपणच आपली पुस्तके काढायला सुरुवात केली. अरुण कोलटकरांची इंग्रजी ‘जेजुरी’ तिथलीच. पैसा कुणाचा यावरून पुस्तकाची प्रत ठरत नाही. ठरते ती, छापण्यापूर्वी त्याला कुणी ‘नाही’ म्हणाले का, यावरून.

प्रकाशक करतो ते मोठे काम हेच. तो कापतो, अडवतो, टाकायला लावतो. ते काम आपल्यालाच करायचे तर आपल्याबाहेरचा माणूस शोधावा लागतो. माझ्या बाबतीत ते एका निवृत्त ग्रंथपालबाईंनी केले. त्यांनी साठ पाने काढायला लावली. राणीच्या सौंदर्याचे वर्णन वाचून समासात त्यांनी एवढेच लिहिले होते, ‘हे तिला स्वतःला माहीत आहे का?’ आठ दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. मग ती पाने काढली.

आणि आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते. पुस्तक स्वतः काढायचे ठरवल्यावर मी दोन-तीन ठिकाणी चौकशी केली. तिसऱ्या दिवशी फोन आला, ‘‘मॅडम, अभिनंदन! आमच्या संपादक मंडळाने तुमच्या संहितेची निवड केली आहे.’’ तीन दिवसांत तीनशे पाने! मग पॅकेज आले; चांदीचे, सोन्याचे, त्याहून वरचे. वरच्याची किंमत सव्वा लाख. त्यात मुलाखत, चित्रफीत, सन्मानचिन्ह आणि ‘आयएसबीएन’. करारनामा मागवला. किती प्रती छापणार याचा आकडा नव्हता. ‘मागणीनुसार’ असे होते. हक्क मात्र दहा वर्षे त्यांच्याकडे. मी नाही म्हटले, कारण कलमे वाचायची सवय हाताला आहे. माझ्या ओळखीच्या एका निवृत्त मुख्याध्यापकांना ती नव्हती. ग्रॅच्युइटीतले पैसे गेले, घरी दोन खोकी आली, आणि शुद्धलेखनावर आयुष्य घालवलेल्या त्या माणसाच्या पुस्तकात पहिल्याच पानावर सात चुका. ते आता लिहीत नाहीत. माझ्या मते यातला मोठा तोटा हा आहे. पैसे दुसऱ्या क्रमांकावर.

म्हणून माहिती असावी. आयएसबीएन क्रमांक नवी दिल्लीच्या राजा राममोहन रॉय संस्थेकडून विनामूल्य मिळतो. लेखनाचा हक्क नोंदणी न करताही जन्मतः लेखकाचा असतो आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे वारसांकडे राहतो. तो दुसऱ्याला लिहून देताना करारात मुदत नसेल तर कायदा ती पाच वर्षे धरतो. स्वतः प्रकाशक झालात तर १९५४ च्या कायद्याप्रमाणे कोलकाता, चेन्नई, मुंबई आणि दिल्ली इथल्या चार ग्रंथालयांना स्वखर्चाने प्रती पाठवाव्या लागतात. किंडलवर मराठी पुस्तके २०१६ च्या डिसेंबरापासून येऊ लागली. तिथे पुस्तक चढवायला पैसे पडत नाहीत.

माझा हिशेब उघडा ठेवते. प्रती ३००. छपाई ३३,००० रुपये, मुखपृष्ठ ९,०००, अक्षरजुळणी व मुद्रितशोधन १६,०००, टपाल १,२००. बावीस महिन्यांत घरून १२० प्रती गेल्या, दुकानांतून ९१. दुकानदार चाळीस टक्के घेतात. भेट ३८, ग्रंथालयांना ४, दिवाणाखाली ४७. ई-पुस्तकाचे १,९०० धरून आजचा तोटा ३,८२८ रुपये. काशीयात्रेपेक्षा स्वस्त. एवढीच मर्यादा प्रत्येकाने घालून घ्यावी: जेवढे बुडाले तर झोप उडणार नाही तेवढेच घालावे, आणि ठेवी मोडू नयेत.

ग्रंथालयांनी आणि समीक्षकांनीही एक करावे. पुस्तक हाती आले की आधी प्रकाशकाचे नाव असलेले पान न उघडता मधले कुठलेही पान उघडावे. वाईट असेल तर खाली ठेवावे. पण वाचून ठेवावे.

मेळाव्यातल्या त्या सहकाऱ्यांनी जाताना एक प्रत विकत घेतली होती, पूर्ण किमतीला. महिन्याने त्यांचा फोन आला. बेरीज चुकली की त्यांचा आवाज जसा व्हायचा तसा होता. ‘‘मॅडम, पान एकशे बारावर पौर्णिमा आहे आणि तिसऱ्या दिवशी तुम्ही अमावास्या केलीत.’’

मी डायरी काढली आणि लिहून घेतले. दुसऱ्या आवृत्तीत दुरुस्त करीन.