जहाज आधी बुडालं, चौकशी नंतर झाली. युद्ध मात्र थांबलं नाही

जून 2019 मध्ये ओमानच्या आखातात दोन टँकर जहाजांवर स्फोट झाले. काही तासांतच अमेरिकेने इराणचं नाव घेतलं आणि जहाजाला सुरुंग चिकटवल्याचं सांगत व्हिडिओही दाखवला. इराणने हात झटकले. त्यातल्या जपानी जहाजाच्या कंपनीचे प्रमुख म्हणाले की खलाशांनी काहीतरी उडत येताना पाहिलं. त्या वेळी युद्ध टळलं. पण होर्मुझचं नाव बातमीत आलं की रत्नागिरी-रायगडमधल्या ज्या घरांतली मुलं मर्चंट नेव्हीत आहेत, तिथे आजही फोन लावायची घाई होते. अशी बातमी आली की मला 1898 चं हवाना आठवतं.

क्यूबा तेव्हा स्पेनच्या ताब्यात होतं आणि तिथले लोक आझादीसाठी लढत होते. हवानात दंगल झाली म्हणून आपल्या नागरिकांच्या हिफाजतीसाठी अमेरिकेने जानेवारीत ‘मेन’ ही युद्धनौका पाठवली. 15 फेब्रुवारीच्या रात्री पावणेदहाच्या सुमारास बंदरात उभ्या असलेल्या या जहाजाचा पुढचा भाग स्फोटात उडाला. अडीचशेहून जास्त खलाशी मेले, बरेचसे झोपेतच. कॅप्टन सिग्सबी वाचला. त्याने त्याच रात्री तार केली की पुढचा अहवाल येईपर्यंत लोकांनी मत बनवू नये. ज्याचं जहाज बुडालं, ज्याची माणसं गेली, तो माणूस सबर करा म्हणतोय!

न्यूयॉर्कच्या छापखान्यांना सबर कुठला? हर्स्टचं ‘जर्नल’ आणि पुलित्झरचं ‘वर्ल्ड’ यांच्यात खपाची चढाओढ होती. ‘जर्नल’ने गुन्हेगार शोधून देणाऱ्याला 50,000 डॉलरचं इनाम जाहीर केलं. म्हणजे गुन्हा झालाच आहे, हे आधीच ठरलं. ‘मेन विसरू नका’ ही घोषणा घराघरात पोचली. आता कुणी म्हणेल की वर्तमानपत्रांनीच युद्ध लावलं. मला ते पूर्ण पटत नाही. साखरेचा धंदा, क्यूबातले हाल, समुद्रावर हुकूमत मिळवण्याची हौस, हे सगळं सरपण आधीच रचलेलं होतं. काडी मेनने पुरवली.

चौकशीचं बघा. स्पेन म्हणालं, दोघं मिळून तपास करू. अमेरिकेने नकार दिला. अमेरिकन नौदलाच्या समितीने मार्चमध्ये निष्कर्ष दिला की बाहेरून पाण्याखालचा सुरुंग फुटला. आधार काय, तर तळाचं पोलाद वरच्या बाजूला वाकलेलं होतं. सुरुंग कोणी लावला, हे मात्र समितीने सांगितलं नाही. स्पेनच्या तपासात स्फोट आतूनच झाल्याचं आलं. सुरुंग फुटला असता तर पाण्याचा उंच फवारा दिसला असता, मेलेले मासे तरंगले असते, असं त्यांचं म्हणणं. ते वॉशिंग्टनमध्ये ऐकणार कोण? 9 एप्रिलला स्पेनने क्यूबात लढाई थांबवत असल्याचं जाहीर केलं, तरी 11 एप्रिलला राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ली यांनी काँग्रेसकडे बळाच्या वापराची परवानगी मागितलीच. महिना संपायच्या आत युद्ध सुरू!

1911 मध्ये सांगाडा पाण्याबाहेर काढून पुन्हा तपासला, तेव्हाही ‘बाहेरून स्फोट’ असंच ठरलं, फक्त जागा वेगळी सांगितली. मग 1976 मध्ये अमेरिकेच्याच नौदलातले अ‍ॅडमिरल रिकोव्हर यांनी तज्ज्ञांकडून अभ्यास करून घेतला. त्यांचा निष्कर्ष असा की दारूगोळ्याच्या कोठाराला लागून कोळशाची कोठी होती, तिथे कोळसा आपोआप धुमसला असावा आणि मधली पोलादी भिंत तापली असावी. त्या काळच्या जहाजांवर अशा आगी लागायच्याच. काही अभ्यासक आजही सुरुंगाचीच बाजू घेतात. सव्वाशे वर्षं झाली, खात्रीने कुणी बोलू शकत नाही, आणि तेव्हा मात्र दोन महिन्यांत फैसला झाला होता.

त्या फैसल्याची किंमत हवानापासून हजारो मैल दूर मोजली गेली. डिसेंबर 1898 च्या पॅरिस तहात स्पेनने 2 कोटी डॉलर घेऊन फिलिपाइन्स अमेरिकेच्या हवाली केलं. त्यात मिंदानाव आणि सुलू इथले मोरो मुसलमानही आले. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. 1899 मध्ये सुलूच्या सुलतानाशी करार झाला, 1904 मध्ये अमेरिकेने तो एकतर्फी मोडला. मार्च 1906 मध्ये बुद दाहो या ज्वालामुखीच्या विवरात आसरा घेतलेल्या मोरोंवर जनरल लेनर्ड वूड यांच्या फौजेने हल्ला केला. शेकडो मेले, त्यात बाया आणि लेकरंही. आपल्याकडच्या शालेय पुस्तकांत मेनचा उल्लेख क्वचित मिळेल, बुद दाहोचा तर नाहीच.

क्यूबा नावाला आझाद झालं. 1903 मध्ये अमेरिकेने तिथला एक उपसागर नौदलासाठी भाड्याने घेतला. त्याचं नाव ग्वांतानामो. जानेवारी 2002 पासून तिथे शेकडो मुसलमान कैदी आणले गेले, बहुतेकांवर कधी खटलासुद्धा चालला नाही. त्या जागेचं भाडं वर्षाला 4,085 डॉलर आहे. अमेरिका चेक पाठवते, क्यूबा सरकार कित्येक दशकं ते वटवत नाही, आणि दोन्ही बाजू राजी झाल्याशिवाय किंवा अमेरिकेने स्वतःहून तळ सोडल्याशिवाय करार संपत नाही.