विजेवरची मोठी मोटार आणि व्यापाऱ्याचा हिशोब

नांदेडच्या इतवाऱ्यात असो की लातूरच्या गंजगोलाईत, दुपारी दुकानातले गिऱ्हाईक पांगले आणि चहा आला की हल्ली एक विषय हमखास निघतो. विजेवर चालणारी मोठी मोटार घ्यावी की नाही? महिंद्र कंपनीने २६ नोव्हेंबर २०२४ रोजी चेन्नईत बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई या दोन एसयूव्ही जाहीर केल्या तेव्हापासून या चर्चेला जोर चढला आहे. गाड्या बनतात पुण्याजवळच्या चाकणला. १४ फेब्रुवारी २०२५ रोजी नोंदणी सुरू झाली आणि पहिल्याच दिवशी ३० हजारांवर लोकांनी नाव नोंदवले. त्यातल्या ७३ टक्के लोकांनी सर्वांत महाग प्रकार मागितला. यावरून एवढे कळते की पहिले गिऱ्हाईक पैसेवाले होते. गाडी सर्वांना परवडते, असे त्यावरून कळत नाही.

लोकांची मते ऐकली तर करमणूक होते. तरुण मुले बीई ६ च्या रूपावर फिदा आहेत. आतली बैठक विमानासारखी आहे, गाडी सात सेकंदांच्या आत शंभराचा वेग घेते, हे ते पाठ केल्यासारखे सांगतात. वडीलधारी माणसे म्हणतात, मराठवाड्यात महिंद्राची गाडी म्हणजे बोलेरो नाही तर स्कॉर्पिओ. ही उतरत्या टपाची गाडी महिंद्राची वाटतच नाही आणि मागे बसले की उंच माणसाचे डोके छताला लागते. आमचे स्वतःचे मत विचाराल तर रूपावर वाद घालण्यात काही अर्थ नाही. कापडाच्या धंद्यात तीस वर्षे काढल्यावर एवढे समजते की जे डिझाईन आपल्याला आवडत नाही तेच कधी कधी सर्वांत आधी संपते.

नावाचाही वाद झाला. गाडीचे पहिले नाव बीई ६ई होते. ‘६ई’ हा इंडिगो विमान कंपनीचा मार्का, म्हणून ती कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली. महिंद्राने डिसेंबर २०२४ मध्येच ‘ई’ काढून टाकला आणि दावा वेगळा लढू असे सांगितले. काही लोकांना यात कंपनीची हार दिसली. आम्हाला तर हा शहाणपणाचा व्यवहार वाटतो. माल तयार असताना कोर्टाच्या तारखांवर बसून राहणे कोणत्या व्यापाऱ्याला परवडेल?

तिसरे मत चीनविषयी आहे. बॅटरीतले सेल चीनच्या बीवायडी कंपनीचे आहेत, मग ही स्वदेशी गाडी कशी, असे विचारतात. ज्यांच्या दुकानात चिनी पॉलिस्टरचे तागे रचलेले आहेत त्यांनी हा प्रश्न जरा हळू आवाजात विचारावा. मात्र यातला पुरवठ्याचा मुद्दा खरा आहे. एप्रिल २०२५ मध्ये चीनने मोटरच्या चुंबकांना लागणाऱ्या दुर्मिळ धातूंच्या निर्यातीवर निर्बंध घातले, तेव्हा आपल्या कारखानदारांची धावपळ झाली होती. ज्या मालाची किल्ली दुसऱ्याच्या हातात आहे त्याचा सुटा भाग वेळेवर मिळेलच अशी खात्री कोणी देऊ नये.

आता मुद्द्यावर येतो. बीई ६ ची किंमत १८ लाख ९० हजारांपासून २६ लाख ९० हजारांपर्यंत आणि एक्सईव्ही ९ई ची २१ लाख ९० हजारांपासून साडेतीस लाखांपर्यंत जाहीर झाली. घरी लावायचा चार्जर आणि तो बसवण्याचा खर्च त्यात धरलेला नाही. लहान चार्जर ५० हजारांचा, मोठा ७५ हजारांचा. मोठ्याला थ्री फेज जोडणी लागते. इतवाऱ्याच्या बोळांत ज्यांच्या दारात सायकल उभी करायला जागा नाही त्यांनी चार्जर लावायचा कोठे, हा प्रश्न शोरूमवाला विचारत नाही. आपण विचारला पाहिजे.

मोठी बॅटरी ७९ युनिटची आहे. कंपनीच्या कागदावर बीई ६ एका चार्जिंगमध्ये ६८० किलोमीटरच्या वर जाते. ही चाचणीची संख्या झाली. प्रत्यक्ष रस्त्यावर ५०० च्या वर जाईल, असे कंपनीच म्हणते. मे महिन्यात एसी पूर्ण चालवून, चार माणसे आणि नमुन्यांच्या बॅगा घेऊन निघालो तर आणखी कमी धरावे. नांदेड ते लातूर लोहा, अहमदपूर, चाकूरमार्गे सुमारे १४० किलोमीटर. जाऊन येऊन २८० होतात आणि संध्याकाळी घरी परतल्यावरही बॅटरी शिल्लक राहते. म्हणजे ज्याचा धंदा या दोन शहरांत आहे त्याला रस्त्यात चार्जिंगची चिंता नाही. पण चादरी-टॉवेलच्या खरेदीला नांदेडहून सोलापूरला गेलो तर एकतर्फी अडीचशेच्या वर, हैदराबादला पावणेतीनशेच्या आसपास. परतताना चार्जिंग करावेच लागणार. योग्य ताकदीचा यंत्रसंच असला तर २० पासून ८० टक्के बॅटरी वीस मिनिटांत भरते, असे कंपनी सांगते. तेवढ्या ताकदीचा यंत्रसंच प्रत्येक ठिकाणी नसतो आणि तेथे वीस मिनिटांची गोष्ट तास-दीड तासावर जाते. राज्य सरकारच्या २०२५ च्या धोरणात महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंग केंद्राचे उद्दिष्ट आहे. उद्दिष्टावर गाडी चालत नाही. निघण्यापूर्वी केंद्राला फोन करून यंत्र चालू आहे का ते विचारून घ्यावे.

खर्चाचा आकडा आपण स्वतः मांडू. घरची वीज दहा रुपये युनिट धरा. गळती धरून ५०० किलोमीटरला ९० युनिट, म्हणजे ९०० रुपये. किलोमीटरला एक रुपया ऐंशी पैसे पडले. डिझेलची मोठी गाडी लिटरला चौदा किलोमीटर देते आणि डिझेल ९२ रुपये आहे असे धरले तर किलोमीटरला साडेसहा रुपये पडतात. बचत पावणेपाच रुपयांच्या जवळ. पण रस्त्यावरच्या चार्जिंगला २२ रुपये युनिट मोजले तर किलोमीटरला चार रुपये लागतात आणि बचत निम्म्यावर येते. घरच्या मीटरवर युनिट वाढले की वरचा दर लागतो, हेही ध्यानात असू द्यावे. चार्जिंगसाठी वेगळा दर आहे, त्याची चौकशी गाडी घेण्याआधी महावितरणच्या कार्यालयात करावी.

या हिशोबाने वर्षाला ४० हजार किलोमीटर फिरणाऱ्या ठोक व्यापाऱ्याचे घरच्या विजेवर पावणेदोन लाखांच्या वर वाचतात. जो दुकान ते घर आणि जुम्याला शहराच्या दुसऱ्या टोकाला जातो, त्याचे वर्षाला पाच हजार किलोमीटर होतात आणि बचत तेवीस-चोवीस हजार. त्याच्या चार्जरचे पैसे निघायलाच दोन वर्षे लागतील. अशा माणसाने गाडी हौसेने घ्यावी, आमची हरकत नाही. बचतीसाठी घेतली असे मात्र सांगू नये.

कराची बाजूही बदलली आहे. विजेच्या गाडीवर जीएसटी ५ टक्के आहे. डिझेलच्या मोठ्या एसयूव्हीवर सेससह ५० टक्क्यांपर्यंत होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के झाला, म्हणजे दोन्हींतले अंतर कमी झाले. २२ ऑगस्ट २०२५ पासून विजेच्या मोटारींना समृद्धी महामार्ग, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि अटल सेतूवर टोल माफ झाला. आपला नांदेड-लातूर रस्ता या तिघांत नाही. बॅटरीची हमी पहिल्या खाजगी मालकाला आयुष्यभराची, गाडी विकली की दुसऱ्याला दहा वर्षे किंवा दोन लाख किलोमीटर. बिल पेढीच्या नावाने फाडले तर कोणती हमी लागू होते, हे लेखी घ्यावे. पेढीने जुनी विजेची गाडी नफ्यात विकली तर डिसेंबर २०२४ च्या जीएसटी परिषदेच्या निर्णयाप्रमाणे त्या नफ्यावर १८ टक्के कर पडतो.

सर्वांत मोठी गोष्ट भांडवलाची. आपल्यातले बरेच व्यापारी व्याजाच्या व्यवहारात पडत नाहीत, गाडी रोखीने घेतात. पंचवीस लाख रोख म्हणजे रमजान आणि लग्नसराईचा माल. तो पैसा दुकानात वर्षातून तीनदा फिरतो, दारात उभ्या असलेल्या गाडीत तो फिरत नाही. म्हणून आमचे मत असे की मालकाच्या गाडीच्या आधी मालाची गाडी विजेवर आणावी. तीनचाकी मालवाहू आणि छोटा टेम्पो, दोन्ही विजेवर मिळतात. दुकान ते ट्रान्सपोर्ट आणि गोदाम ते दुकान एवढेच त्यांचे फिरणे. रोज ठराविक अंतर, रात्री गोदामात चार्जिंग. विजेच्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. मालवाहू गाडीवर भरलेल्या जीएसटीची वजावट नियमित नोंदणीच्या व्यापाऱ्याला मिळते, मालकाच्या मोटारीवर ती मिळत नाही. पावती तीच, कायदा तोच, पण एका गाडीला सवलत आणि दुसरीला नाही, हे किती जणांना ठाऊक आहे?

आता एका मताविषयी लिहितो, जे चहाच्या टपरीवर कोणी बोलत नाही. ते गॅरेजमधल्या मिस्त्रीचे मत आहे. नांदेड-लातूरच्या गॅरेजमध्ये हात काळे करणाऱ्यांत आपली मुले फार आहेत. या गाडीत इंजिन ऑईल नाही, क्लच नाही, सायलेन्सर नाही, इंजेक्टर नाही. ज्या कामांवर गॅरेजचे महिन्याचे भाडे निघते तीच गायब. ब्रेकसुद्धा कमी झिजतात, कारण वेग कमी करताना मोटरच गाडीला रोखते आणि वीज परत बॅटरीत जाते. उरले काय? टायर, सस्पेन्शन, एसी, डेंटिंग-पेंटिंग, वायरिंग. आणि बॅटरीच्या जवळ जायचे तर तेथे शेकडो व्होल्टचा दाब असतो. शिक्षणाशिवाय आणि रबरी हातमोज्यांशिवाय तेथे हात घालणे म्हणजे जिवाशी खेळ. अंदाजाने तार जोडून पाहणारा आपला जुना उस्ताद येथे कामाचा नाही, तो कितीही हुनरवान असला तरी.

इचलकरंजी आणि भिवंडीत शटललेस माग आले तेव्हा असेच झाले. साध्या मागाचा फिटर कानाने आवाज ऐकून दोष सांगत असे. इलेक्ट्रॉनिक पाटीच्या मागापुढे त्याचा कान चालेना. ज्यांनी वेळीच शिकून घेतले ते जास्त पगारावर राहिले. गाड्यांच्या धंद्यात वेळ अजून हातात आहे, कारण आपल्या भागात डिझेलच्या गाड्या आणखी बरीच वर्षे धावतील. आयटीआयमध्ये मेकॅनिक इलेक्ट्रिक व्हेईकल हा दोन वर्षांचा ट्रेड सुरू झाला आहे. दहावी पास मुलाला त्यात प्रवेश घेता येतो. ज्या गॅरेजवाल्याचा मुलगा यंदा दहावीला आहे त्याने निकालानंतर प्रवेशाच्या तारखा सुटू देऊ नयेत, आणि ज्या व्यापाऱ्याने पंचवीस लाखांची गाडी घेतली आहे त्याने त्याच मोहल्ल्यातल्या एका मुलाची दोन वर्षांची फी भरली तर पुढे आपल्याच गाडीला मिस्त्री शोधत पुण्याला जावे लागणार नाही.